पोरं येतात, पण थांबत नाहीत

या वेळचं पत्र जळगावहून आलंय, थोडं कमी करून देतेय, कंसातले अर्थ माझे.

"ताई, नमस्कार. दिवसा नोकरी आणि रात्री एक ओपन सोर्स टूल (कोड सगळ्यांना खुला, कोणीही सुधारू शकतो) सांभाळतो, जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये (आज सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत) बदलून देणारं. सहा वर्षं झाली. छोटी साप्ताहिकं, दिवाळी अंकवाले, डीटीपीवाले वापरतात, रोज कोणाचा तरी मेसेज येतो की अमुक शब्द तुटतोय. कोड लिहिणारे आम्ही दोघं होतो, त्यातला एक बाळ झाल्यापासून येत नाही, त्याला दोष देत नाही. गेल्या ऑक्टोबरात इथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात जाऊन बोललो, पोरं खूश झाली, आठवड्यात तिसेक पीआर (कोडात सुचवलेले बदल) आले आणि बहुतेक सगळे रीडमीतला (टूलच्या माहितीच्या फाइलमधला) स्वल्पविराम इकडचा तिकडे करणारे. बाकीचे 'सर प्लीज असाइन मी' (हे काम मला द्या) एवढंच लिहून गेले. थर्ड इयरच्या एका मुलीने मात्र खराखुरा बग सोडवला होता, पण तेव्हा ऑफिसात रिलीज चालू होतं, तिचा पीआर उघडायला मला सात आठवडे लागले, मी कमेंट टाकली तर उत्तरच नाही. आता वाटतंय सर्टिफिकेटवाली इंटर्नशिप काढावी म्हणजे चांगले डेव्हलपर येतील. पण आलेल्यांना घडवायचं कसं? मला शिकवता येत नाही. — एक थकलेला मेंटेनर"

भाऊ, नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या थर्ड इयरच्या मुलीपाशी येऊन थांबले. तुम्ही विचारताय चांगले डेव्हलपर आणू कुठून, आणि पत्रातच लिहिलंय की एक आली होती. तीस पीआरच्या गर्दीत जिने कोड वाचला, बग शोधला, सोडवला, ती दारात सात आठवडे उभी राहिली आणि मग गेली. तुमचं चुकलं असं म्हणून टोचायचं नाहीये मला, ऑफिसचं रिलीज काय असतं ते मलाही माहितीये. पण उपाय कुठून सुरू करायचा ते यातून दिसतं. माणसं बोलवायचं काम तुम्हाला जमलंय. आलेल्या माणसाला पहिल्या पंधरा दिवसांत धरून ठेवायचं काम राहिलंय, आणि ते झालं नाही तर आणखी शंभर जण आणलेत तरी तेच होणार.

म्हणून आधी तिला लिहा, आजच, आणि त्या पीआरखाली लिहा म्हणजे बाकीच्यांनाही दिसेल. फार काही नको, एवढंच की तुझं काम चांगलं होतं, उशीर माझ्याकडून झाला, आता मर्ज केलंय (मुख्य कोडात घेतलंय) आणि पुढच्या रिलीजमध्ये तुझं नाव जातंय. त्यात दोन चार गोष्टी सुधारायच्या राहिल्या असतील तर त्या तुम्ही स्वतः वेगळ्या कमिटमध्ये (कोडात नोंदलेल्या बदलात) करा, तिला परत कामाला लावू नका. ती येईल की नाही ते सोडून द्या. जुना पीआर सन्मानाने मर्ज झालेला पुढचा माणूस बघतो, नवीन माणूस रेपोत (प्रोजेक्टचा कोड ठेवतात त्या जागेत) शिरला की आधी जुने पीआर चाळतो, इथे उत्तर मिळतं का ते बघायला.

उत्तर किती दिवसांत द्यायचं याबद्दल फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने आपल्या कॉन्ट्रिब्युटर लोकांचं बघून काढलेली एक गोष्ट या क्षेत्रात सगळे सांगतात. पहिल्या पॅचवर, म्हणजे पाठवलेल्या बदलावर, ४८ तासांत रिव्ह्यू (तपासून अभिप्राय) मिळाला की माणूस परत यायचं प्रमाण खूप जास्त, आणि ७ दिवसांच्या पुढे गेलं की जवळजवळ कोणीच परत येत नाही. आता तुम्ही एकटे, ४८ तासांत पूर्ण रिव्ह्यू दरवेळी जमणार नाही हे उघड आहे. पण "बघितलं, छान दिसतंय, रविवारी सकाळी नीट वाचतो" एवढं लिहायला चहा थंड व्हायच्या आत होतं, आणि मग रविवारी खरंच वाचायचं. नवीन पोराला कोड चुकला याचं फार वाईट वाटत नाही हो, आपल्याला कोणी बघितलंच नाही याचं वाटतं. हे मी अनुभवाने सांगतेय. माझा आयुष्यातला पहिला पॅच एका मोठ्या प्रोजेक्टला पाठवला होता, तीन रात्री जागून केलेला, तो चार महिन्यांनी कोणीतरी एका ओळीत बंद केला, कारण न देता. त्यानंतर दोन वर्षं मी कुठेच काही पाठवलं नाही, मला वाटलं आपलं हे काम नाही. नंतर एका छोट्या प्रोजेक्टमध्ये एका अनोळखी माणसाने माझ्या अकरा ओळींच्या बदलावर अर्धं पान लिहिलं, हे का चालेल आणि ते का नाही, आणि मी आजतागायत यात आहे ती त्या अर्ध्या पानामुळे.

आता सर्टिफिकेटचं. नका काढू. हॅक्टोबरफेस्टचं २०२० साली काय झालं ते आठवा, डिजिटलओशन या क्लाउड कंपनीने २०१४ मध्ये चांगल्या मनाने सुरू केलेला उपक्रम, ऑक्टोबरात ४ पीआर करा आणि टीशर्ट मिळवा, आणि २०२० ला अक्षरशः पूर आला, रीडमीत एक शब्द घाल, पीआर टाक, पुढच्या रेपोत जा, त्यात आपल्याकडची पोरंही पुष्कळ होती. जगभरातले मेंटेनर इतके वैतागले की त्याच महिन्यात नियम बदलावा लागला, ज्या रेपोला भाग घ्यायचाय त्याने स्वतः तसं सांगायचं, मगच तिथले पीआर धरायचे. त्या पोरांना मी वाईट म्हणत नाही, बक्षीस मोजणीवर ठेवलं होतं म्हणून त्यांनी मोजणी केली. सर्टिफिकेट ठेवलंत तर तुमच्याकडेही तेच होईल आणि ते तीस पीआर तीनशे होतील.

त्यापेक्षा नाव द्या. वेबसाइट बनवायच्या वर्डप्रेसमध्ये कमिटच्या मेसेजमध्येच ज्यांनी ज्यांनी हातभार लावला त्यांची नावं जातात, त्याला ते प्रॉप्स म्हणतात, आणि रिलीज झाली की सॉफ्टवेअरच्या आतच एक पान असतं त्यावर सगळ्यांची नावं, कोड लिहिणारा, टेस्ट करणारा, सगळे. सोलापूरच्या पोराने आईला लॅपटॉपवर ते पान उघडून दाखवायचं, त्याचं मोल सर्टिफिकेटला नाही, कारण ते खऱ्या झालेल्या कामाचं आहे. तुमच्या टूलमध्ये असं पान आहे का? नसेल तर ते बनवणं हेच एखाद्या नवीन माणसाला पहिलं काम म्हणून देता येईल.

गूगल समर ऑफ कोड आणि आउटरीची या नवीन लोकांना ओपन सोर्समध्ये आणणाऱ्या कार्यक्रमांचं काय असं विचाराल. चांगले आहेत दोन्ही, पैसेही मिळतात पोरांना, समर ऑफ कोड २००५ पासून चालू आहे आणि २०२२ पासून तर विद्यार्थीच असायला हवं अशी अटही नाही. पण ते का चालतं बघा, प्रत्येकाला नाव घेऊन एक मेंटर असतो आणि निवड व्हायच्या आधीच बऱ्याच ठिकाणी थोडं खरं काम करून दाखवावं लागतं, आउटरीचीत तर त्यासाठी वेगळा कालावधीच ठेवलेला असतो. ही दोन तत्त्वं तुम्ही पैसे नसतानाही उचलू शकता. बाकी एवढ्यात तिकडे अर्ज करायच्या फंदात पडू नका, मेंटर म्हणून तुम्ही एकटेच आहात, आधी एका माणसाला नीट सांभाळून बघा.

आणि "मला शिकवता येत नाही" हे जे लिहिलंय त्यावर माझा विश्वास नाही. ओपन सोर्समध्ये शिकवणं म्हणजे फळ्यासमोर उभं राहणं नसतं, बरंचसं गप्प बसणं असतं. मागच्या पावसाळ्यात एका मैत्रिणीच्या प्रोजेक्टसाठी आम्ही पुण्यात तिच्या घरी डायनिंग टेबलवर बसलो होतो, सेकंड इयरचा एक मुलगा आलेला, विंडोज लॅपटॉप, ४ जीबी रॅम, बॅटरी गेलेली म्हणून चार्जर सतत लावून. आम्ही ठरवलं होतं की त्याने रीडमी वाचून स्वतः सेटअप करायचा आणि आपण मागे वही घेऊन बसायचं, तोंड उघडायचं नाही. तिसऱ्याच स्टेपला अडकला. रीडमीत लिहिलेली कमांड लिनक्सची होती, त्याच्याकडे चालणारच नव्हती, आणि तसं कुठे लिहिलेलंच नव्हतं कारण लिहिणाऱ्या सगळ्यांकडे लिनक्स. तो तीच कमांड परत परत टाकत राहिला, मग फोनवर व्हिडिओ शोधायला लागला, पाऊण तासाने हळूच म्हणाला, "माझंच काहीतरी चुकतंय वाटतं". मैत्रीण तिथेच उठून स्वयंपाकघरात गेली, तिला बघवेना, कारण चूक रीडमीची होती आणि पाच वर्षांत तिथे अडकून किती पोरं "माझंच चुकतंय" म्हणून निघून गेली असतील कोणास ठाऊक. त्या एका दुपारी वहीत चौदा ओळी झाल्या. पुढचा आठवडा आम्ही नवीन फीचर बाजूला ठेवून फक्त त्या चौदा ओळी मिटवल्या, आणि रीडमीचा सुधारलेला भाग त्याच मुलाने लिहिला, कारण कुठे अडकायला होतं ते त्याच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. तो अजून आहे, आता तोच दुसऱ्यांच्या मागे वही घेऊन बसतो.

तर तुम्ही एक रविवार काढा, एक पोरगं किंवा पोरगी शोधा, आणि वही घेऊन मागे बसा. घरी नाही जमलं तर स्क्रीन शेअर करून.

पुढचं, पहिलं काम काय द्यायचं. लिबरऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरवाल्यांकडे ईझी हॅक्स म्हणून प्रकार आहे, २०१० मध्ये ओपनऑफिसपासून वेगळे झाले तेव्हापासूनचा, त्यात सोपी कामं मुद्दाम बाजूला काढून ठेवतात आणि प्रत्येकात लिहितात की कोडमध्ये कुठली फाइल उघडायची. गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) प्रत्येक अडचणीची नोंद म्हणजे इश्यू, त्यातल्या नवख्याला जमणाऱ्यांवर गुड फर्स्ट इश्यूचं लेबल असतं तेही त्याच कामासाठी, पण बहुतेक ठिकाणी नुसतं लेबल चिकटवलेलं असतं, आत एक ओळ, तीही मेंटेनरलाच कळेल अशी. तुमच्या टूलचंच उदाहरण घेऊ. मला खात्री आहे तुमच्याकडे "ऱ्य चा प्रॉब्लेम" असा काहीतरी इश्यू पडून असणार. नवीन पोराला त्यातून काय कळणार? तोच असा लिहून बघा: 'आचाऱ्यास' हा शब्द टाकला की 'आचार्यास' बाहेर येतो, म्हणजे स्वयंपाक करणाऱ्या आचारीबुवांचे एकदम आचार्य होतात, तसंच 'दऱ्या' टाकलं की 'दर्या', डोंगरातल्या दरीचा समुद्र. हे होतं कारण जुन्या फॉन्टमध्ये रफार आणि हा आडवा र असे दोन वेगळे आकार असतात आणि आपण दोन्हींना एकाच र ला नेऊन जोडतोय, यातल्या दुसऱ्याला युनिकोडमधला टिंबवाला ऱ हवा. अमुक फाइलमध्ये अमुक टेबल आहे ते बघ, टेस्टच्या फाइलमध्ये हे दोन शब्द घाल, आधी टेस्ट फेल झालेली बघ, मग दुरुस्त कर. अडलास तर इथेच विचार, मी रोज रात्री नऊनंतर बघतो.

एवढं लिहायला तुम्हाला वीस मिनिटं लागतील, आणि तो बग तुम्ही स्वतः पाच मिनिटांत सोडवाल. तरी सोडवू नका. हे फार अवघड जातं मेंटेनर लोकांना, हात शिवशिवतात, पण सोपे बग हे नवीन माणसाचं दार आहे, ते तुम्ही रात्री बसून बंद करून टाकलंत तर उरतात फक्त अवघड, आणि मग आपण म्हणतो आजकालच्या पोरांना काही येत नाही. पहिली वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये अक्षराच्या आधी असते आणि युनिकोडमध्ये नंतर साठवायची, रफार बरोबर उलटा, हे एकदा ज्याला हाताने करून समजलं त्याला तुमच्या टूलचं निम्मं पोट समजलं, आणि ते लेक्चरने समजत नाही.

"प्लीज असाइन मी"वाल्यांसाठी झुलिप या चॅट सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्टची पद्धत चांगली आहे. तिथे इश्यू घ्यायला बॉटला (आपोआप उत्तर देणाऱ्या प्रोग्रामला) एक कमांड द्यायची, तो तुमच्या नावावर लावतो, आणि बरेच दिवस हालचाल नाही दिसली तर आधी आठवण करतो आणि मग इश्यू मोकळा करतो. कोणाला रागवायचं नाही, कोणाच्या मागे लागायचं नाही. तुम्हाला बॉट नको, रीडमीत दोन ओळी टाका की आधी इश्यूत लिही तुला काय कळलं आणि तू काय करणार आहेस, मग नाव लावू, दहा दिवस काही नाही आलं तर दुसऱ्याला देऊ. तुला काय कळलं हे लिहायला लावलं की नुसते टीशर्टवाले आपोआप गळतात, आणि आता एआयकडून लिहून घेऊन न वाचता चिकटवणारेही.

रिव्ह्यूबद्दल एवढंच सांगते, एका वेळी एकच मोठी गोष्ट काढा. पहिल्या पीआरवर सतरा कमेंट टाकल्या तर सतराच्या सतरा बरोबर असल्या तरी माणूस खचतो. आणि भाषा सांभाळा. लिनक्स कर्नलसारख्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) ठिकाणी, ते सुरू करणाऱ्या लिनस टोरवाल्डसने २०१८ च्या सप्टेंबरमध्ये आपल्या बोलण्याबद्दल जाहीर माफी मागून काही दिवस काम थांबवलं होतं, इतका मोठा माणूस, इतकी वर्षं झाल्यावर, तेव्हा आपण "हे काय लिहिलंय" असं लिहायच्या आधी थांबायला हरकत नाही. बाय द वे, त्याच कर्नलमध्ये स्टेजिंग म्हणून एक अख्खा फोल्डर आहे, तिथे अजून पूर्ण न सुधारलेले ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे प्रोग्राम) ठेवतात आणि नवीन लोक त्यांच्यावर साफसफाई करत करत पॅच कसा पाठवायचा ते शिकतात. एवढ्या गंभीर प्रोजेक्टनेही हात बसवायला जागा ठेवलीये.

नियमित काही करायचं असेल तर पश्चिम बंगालमधल्या दुर्गापूरच्या लिनक्स ग्रुपचं समर ट्रेनिंग बघण्यासारखं आहे, २००८ पासूनचं. आयआरसीवर, म्हणजे नुसतं टाइप करून वर्ग, व्हिडिओ नाही त्यामुळे कमी नेटवाला पण बसू शकतो, सुरुवातीला हजेरी, आणि प्रश्न असेल तर उद्गारचिन्ह टाकून आपला नंबर यायची वाट बघायची. मला त्यातलं आवडतं ते हे की कोडच्या आधी संवाद शिकवतात, प्रश्न कसा विचारायचा, काय करून बघितलं ते कसं सांगायचं. तुम्ही आठवड्यातला एक तास ठरवा, गुरुवार रात्री नऊ म्हणा, आणि कोणी नाही आलं तरी त्या तासाला तिथे असा. आणि मराठीत घ्या! इश्यू मराठीत, चर्चा मराठीत, अहो टूल मराठीचं आहे. आपल्याकडची कितीतरी पोरं कोडला नाही, इंग्रजीत चारचौघांसमोर लिहायला घाबरतात, "सर प्लीज असाइन मी" हे एक वाक्य पाठ असतं म्हणून तेवढंच लिहितात.

आणि नुसते डेव्हलपर नका शोधू. रोज शब्द तुटल्याचे मेसेज पाठवणारा जो डीटीपीवाला आहे ना, तो तुमचा सगळ्यात जवळचा माणूस. त्याला म्हणा, दादा, तुटलेले शब्द एका शीटमध्ये लिहून द्या, डावीकडे जुना, उजवीकडे बरोबर. ती शीट म्हणजेच टेस्ट, आणि त्याचं नावही त्या पानावर. त्याच्याच दुकानात काम करणारा भाचा वगैरे थोडं पायथन शिकत असेल तर तो कॉलेजातल्या भाषणाने आलेल्या तिसांपेक्षा जास्त टिकेल, कारण त्याला ते टूल रोज लागतं. भाषणं, फॉस युनायटेड या ओपन सोर्सवाल्यांच्या संस्थेचे मीटअप, वर्डकॅम्प या वर्डप्रेसच्या संमेलनातला कॉन्ट्रिब्युटर डे, हे सगळं नंतर, रीडमी सुधारल्यावर.

शेवटचं, हक्क देण्याबद्दल. माणूस टिकला की चाव्या द्यायला लागतील आणि तिथे भीती वाटते, एक्सझेड या लिनक्समध्ये सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या कॉम्प्रेशन टूलचं प्रकरण आठवतं. एकटा थकलेला मेंटेनर, मागे लागलेली अनोळखी खाती की तुला झेपत नाही तर दुसऱ्याला दे, आणि जिया तान नावाने आलेल्याने दोनेक वर्षं चांगलं काम करून विश्वास मिळवला आणि मग आत मागचा दरवाजा, म्हणजे घुसायची चोरवाट, घातला. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला लॉगिन अर्धा सेकंद हळू वाटलं म्हणून ते सापडलं. यावरून कोणालाच काही द्यायचं नाही असं ठरवू नका, तो मेंटेनर एकटा आणि दमलेला होता म्हणूनच तर दबाव चालला. टप्प्याने द्या: आधी इश्यूंना लेबल लावायचं, मग दुसऱ्यांचे पीआर वाचायचे, मग मर्ज, आणि रिलीज कायम दोघांनी बघून. आणि घाई करणाऱ्याला कधीच नाही.

तुम्ही थकलाय हे सहीतच लिहिलंय, म्हणून यातलं एकदम सगळं करू नका. आज त्या मुलीला उत्तर, या आठवड्यात आचाऱ्यासचा इश्यू, आणि पुढच्या रविवारी एक माणूस आणि वही. माझ्या आईने तीस वर्षं प्रूफं तपासली, तिच्याकडे ऱ्य आणि ऱ्ह च्या शब्दांची हाताने लिहिलेली यादी आहे, ती टाइप करून पाठवते तुमच्या टेस्टसाठी. आणि रविवारी जो कोणी येईल तो कुठल्या स्टेपला अडकला ते मला नक्की कळवा.